एकेचाळीस झाडांचं बारसं

एका राज्यात एक राजा होता. त्याचं नाव कुणालाच आठवत नाही. का, ते पुढं कळेल.

राजाला जाग उशिरा यायची. म्हणून त्यानं दवंडी पिटवली, की महाराज उठेपर्यंत सकाळच. सूर्य डोक्यावर आला तरी लोक एकमेकांना विचारायचे, "न्याहारी झाली का?" एकेचाळीस जण मात्र चावडीवर जाऊन म्हणाले, "दुपार झाली." कोतवालानं शिपाई घेऊन त्यांना माळावर नेलं. ते परत आले नाहीत. वर राजाच्या मांत्रिकानं मंत्र घातला: हे दोन शब्द ज्याच्या तोंडून निघाले, त्याचं नाव राज्यातून पुसलं जावं.

सगुणाआत्याचा भाचा त्यातलाच. बारशाला तिनंच त्याच्या कानात नाव सांगितलेलं, आणि आता तिलाच आठवेना. रडायला बसावं, तर हाक काय मारून रडणार?

तीन डोंगर ओलांडून ती बोलक्या भारद्वाजाकडे गेली.

"भाच्याचं नाव हवंय."

"मेलेल्याचं?"

"मेला असं मला कुणी सांगितलेलं नाही. आधी नाव दे, मग ठरवते."

भारद्वाजानं पंख झटकले. "झाड लाव आणि त्याचं बारसं कर. माती, तो पडला तिथली. पाणी, गप्प राहिलेल्यांच्या हातचं. आणि पाठीत बुक्का, त्याला नेणाऱ्याचा."

"रोपाला कान कुठं असतो?"

"तू वाकशील तिथं."

आत्या माळावर गेली, ओच्यात माती भरली. पहारेकऱ्यानं हटकलं, "काय नेतेस?"

"चूल लिंपायला माती."

"ने."

माती अजून कोमट होती.

पाण्यासाठी ती रिकामी घागर आणि कवठाचं रोप घेऊन गल्लीत बसली. दोन दिवस सगळी दारं बंद. तिसऱ्या दिवशी शेजारची पारू तांब्या घेऊन बाहेर आली.

"आत्याबाई, त्याला नेलं तेव्हा मी दार लावून घेतलं होतं."

"माहितीय. मीपण लावलं होतं."

पारूनं तांब्या ओतला. मग एकेक दार उघडलं. घागर भरली, आणि चाळीस घरांतून चाळीस रोपंही आली.

बारशाला घुगऱ्या शिजल्या. वासावर कोतवाल आला.

"कसला जमाव हा?"

"बारसं आहे, कोतवालसाहेब."

"कुणाचं?"

आत्या कवठाच्या रोपाशी वाकली. "कुर्रर्र..." म्हणाली आणि अडली. पुढं काहीच येईना.

"म्हातारे, कुणाचं विचारतोय!" कोतवालानं तिच्या पाठीत बुक्का घातला.

"धोंडू!" आत्या ओरडली.

धोंडूच. आधीची दोन मुलं गेली होती, म्हणून यमाची नजर पडू नये असं नाव तिनं ठेवलं होतं. यमाची पडली नाही. राजाची पडली.

नाव पडल्याबरोबर रोप घराएवढं झालं. कोतवाल आपल्या हाताकडे बघत राहिला. तोवर पारू दुसऱ्या रोपाशी वाकली होती.

"थांबलात का?" आत्या म्हणाली. "नेताना एकेचाळीस नेलेत. अजून चाळीस बाकी आहेत."

कोतवालानं चाळीसही बुक्के घातले. शेवटचे फार हलके होते, आणि प्रत्येक नावाला तो मान खाली घालत होता.

तेवढ्यात राजा जांभई देत सज्जात आला. समोर एकेचाळीस झाडं, प्रत्येकाची सावली गोळा होऊन बुंध्याशी बसलेली.

"अरेच्चा," राजा म्हणाला, "दुपार झाली!"

कोतवालानं वर पाहिलं. "आपण कोण?"

राजानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मंत्र धन्यालाच गिळून फुटला. मांत्रिक न जेवताच निघून गेला. तेव्हापासून त्या राज्यात दुपार वेळेवर होते.

पुढं लोकांनी राजासाठीही एक झाड लावायचं ठरवलं. खड्डा खणला, घुगऱ्या शिजवल्या. पण कानात सांगायला नाव कुणालाच आठवेना. खड्डा अजून तसाच आहे. पावसात त्यात म्हशी बसतात.

सगुणाआत्या रोज भाकरी घेऊन कवठाखाली येते. "धोंडू," ती म्हणते, "दुपार झाली रे." आणि झाड सावली तिच्याभोवती ओढून घेतं.

ही कहाणी उन्हात निघाली, सावलीत पोचली. ज्याला पटत नसेल, त्यानं झाडाखाली बसून पाहावं.