‘सबंध’चं बटण

“म्हणजे तुझ्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की नाही, एवढंही तुला ठाऊक नसतं?”

“नाही बुवा.”

“आणि काय पाहून गेलं, तेही नाही?”

“तेही नाही!” शार्दूल जवळजवळ ओरडलाच. “मघापासून तेच तर सांगतोय.”

नरहरबुवांनी तांदळातला खडा काढला, डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि अंगणात भिरकावला. मठाच्या ओसरीवर सकाळपासून हेच चाललं होतं. शार्दूल सांगत होता, बुवा तांदूळ निवडत होते आणि सांगणाऱ्याचा पारा चढत होता.

चढेल नाही तर काय? लहानपणी प्रत्येक सुट्टीत तो याच ओसरीवर बुवांपुढे बसून स्तोत्रं शिकला होता. पुढे पुण्याला जाऊन संगणक शिकला, नोकरीला लागला. आणि नोकरी सांभाळून, एकट्यानं, त्यानं ‘सबंध’ नावाची एक चीज बनवली.

चीज तशी इवलीशी. इंटरनेट पाहायच्या ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन. पानावर एखादं चित्र नखाएवढं दिसत असेल, तर माऊसचा बाण त्यावर नेऊन ठेवायचा. चित्र जागच्या जागी मूळ आकारात, सबंध उघडतं. बाण हलवला की मिटतं.

फुकट. जाहिरात नाही. कोणी काय पाहिलं याची नोंद कुठेही नाही. ‘आम्ही तुमच्याकडे पाहत नाही’ असं त्यानं ‘सबंध’च्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं. त्या एका वाक्याचा त्याला भारी ताठा होता.

मग एका बड्या कंपनीनं तशीच चीज आणली. रंगीबेरंगी. कोण काय पाहतं ते सगळं टिपणारी आणि टिपलेलं विकणारी. लोकांच्या तिच्यावर उड्या पडल्या. वर तिला बक्षीसही मिळालं.

शार्दूलच्या वाट्याला काय आलं? शिव्या! ज्यांचं चित्र नीट उघडलं ते मुकाट्यानं पाहून जायचे. ज्यांचं अडकलं, तेवढेच लिहायचे. ‘भिकार आहे.’ ‘काढून टाकलं.’ ‘बनवणारा झोपलाय का?’ फुकटचं वापरायचं आणि वर ही मुजोरी! वाचून त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

किती जणांनी ‘सबंध’ उतरवून घेतलंय तो आकडा त्याला दिसे. पण घेतल्यावर ते वापरतं का कोणी? ते कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग त्यानं स्वतःच्या हातानं बंद केला होता.

“वापरतं का रे कोणी?” परवा ऑफिसातल्या एकानं विचारलं. शार्दूलला सांगता येईना. तो माणूस हसला.

त्या हसण्यानंच ठरलं.

“काय ठरलं?” बुवांनी विचारलं.

शार्दूलनं लॅपटॉप उघडून सुपाशेजारी ठेवला. “नवी आवृत्ती तयार आहे. हे बटण दाबलं की ज्यांच्याकडे ‘सबंध’ आहे त्या सगळ्यांकडे ती आपोआप जाईल. शुभारंभ तुमच्या हातून व्हावा, म्हणून आलोय.”

“नवीन काय आहे त्यात?”

“फक्त मोजणी.”

“कसली?”

“चित्र कितीदा उघडलं, एवढीच.”

“एवढीच?”

“…आणि कोणतं उघडलं.”

“आणि?”

“किती वाजता, कुठल्या गावातून. पण नाव नाही हं बुवा! कुणाचंही नाव नाही.”

बुवांनी सूप पाखडलं. कोंडा वाऱ्यावर गेला.

“आणि ते वाक्य?”

“कोणतं?”

“पाहत नाही म्हणून लिहिलंयस ते.”

“असू दे की. वाचतंय कोण!”

बुवांचा हात थांबला.

“काय पाहतात रे लोक, एवढं मोठं करून?”

“काहीही. साड्या. जुनी नाणी. लग्नाच्या स्थळांचे फोटो.” शार्दूल जरा घुटमळला. “अंगावरचे डाग, गाठी… डॉक्टरकडे जायची भीती वाटते. मग आपल्यासारखं आणखी कुणाचं आहे का, ते शोधत बसतात.”

“तू तर पाहत नाहीस. तुला कसं कळलं?”

“एका बाईनं लिहिलं होतं. घरात कोणाला कळू न देता पाहता आलं, बरं झालं, म्हणून.”

“तिनं वाचलं असेल का, ते वाक्य?”

शार्दूलला उत्तर ठाऊक होतं. त्या बाईनं ते वाक्य वाचूनच तर ‘सबंध’ घेतलं होतं. तसं तिनं लिहिलंही होतं. पण हे बोलून दाखवण्याऐवजी त्यानं लॅपटॉप आणखी पुढे सरकवला.

“दाबा ना बुवा. तुमचा हात लागला की मला काही वाटणार नाही.”

“पाप तुझं आणि बोट माझं?”

बुवांनी सूप असं आपटलं की निवडलेले तांदूळ ओसरीभर उडाले. “वाघाचं नाव लावून फिरतोस आणि खोटं बोलायला म्हाताऱ्याचं बोट मागतोस? लाज नाही वाटत?”

“मला कशाला लाज!” आता शार्दूलचाही बांध फुटला. “त्या कंपनीचं पाप कोणाला दिसत नाही! ती लुटते आणि हार घालून घेते. मी माझ्या रात्री घातल्या यात, डोळे घालवले. कोणाचं काही घेतलं नाही. मला एवढंच कळायला हवंय, की माझा कोणाला उपयोग होतोय की नाही. बस्स! एवढंही मागू नये माणसानं?”

आवाज शेवटी चिरकला. राग होताच, पण रागाच्या खाली बरंच काही साचलेलं होतं आणि ते बुवांना दिसलं याचा त्याला आणखी राग आला.

बुवा उठले. उडालेले तांदूळ वेचू लागले. शार्दूलनंही, धुसफुसत का होईना, चार मुठी वेचल्या.

“ऊन डोक्यावर आलं,” बुवा म्हणाले. “देव उपाशी आहे.”

बुवांनी सोवळं नेसून स्वयंपाक केला. भात, वरण, दोडक्याची भाजी. केळीच्या पानावर वाढलं, वर तूप घातलं, पान ताटात ठेवून गोपाळकृष्णापुढे नेलं. तुळशीपत्र ठेवलं, पाणी फिरवलं. बाहेर आले, गाभाऱ्याच्या दारावरचा पडदा ओढला, घंटा वाजवली आणि पडद्याकडे पाठ करून डोळे मिटून उभे राहिले.

आता देव जेवणार. त्याचं जेवण होईतो कोणी आत पाहायचं नाही. मग टाळी वाजवायची, देवाला चाहूल द्यायची आणि तेव्हाच पडदा सरकवायचा. मठात हे रोजचं होतं. शार्दूल लहानपणापासून पाहत आला होता.

पण आज त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो खांबाशी उभा होता, पडदा हाताशी होता आणि बुवांचे डोळे मिटलेले होते.

त्यानं पडद्याचं टोक उचललं.

गोपाळकृष्ण मुरली धरून उभा होता. भातावरची वाफ विरत चालली होती. तूप ओघळून पानावर उतरलं होतं. तुळशीपत्र ठेवलं तिथंच होतं.

“जसंच्या तसं आहे!” त्याचा आवाज गाभाऱ्यात घुमला. “बुवा, एक शीतसुद्धा हललं नाही! जन्मभर तुम्ही रोज रांधताय आणि तो हात लावत नाही. राग नाही येत तुम्हाला?”

बुवांनी डोळे उघडले.

बुवांच्या रागाला सगळा गाव टरकून असे. आता एक सणसणीत बसणार, असं समजून शार्दूलनं मान खाली घातली.

काहीच बसलं नाही…

बुवा आत गेले. ताट उचललं. त्याच्या अंगावरून ते बाहेर नेलं, गोठ्यात गाईपुढे ठेवलं आणि परत येऊन विझत आलेली चूल फुंकू लागले.

“हे काय? पुन्हा?”

“तो नैवेद्य नव्हता.”

“का?”

“तू तपासलास.”

शार्दूल काही बोलणार तोच बुवांनी बोट दाखवलं. “विहिरीवर जा. डोक्यावरून पाणी घे. पंचा नेस. या खेपेला तू रांधायचं आणि तूच वाढायचं.”

त्यानं पोहरे उपसले ते भांडल्यासारखे. गार पाण्यानं अंग शहारलं, डोकं काही निवलं नाही. हा म्हातारा मला लहान पोर समजतो! असं पुटपुटतच तो चुलीपुढे बसला. पहिल्यांदा भात लागला. बुवांनी तो काढायला लावला, दुसरा चढवायला लावला. वरणात हिंग किती घालायचा, मीठ किती घालायचं, हे तो विचारत होता. बुवा नुसते ढिम्म बसून होते.

शेवटी झालं. धुरानं डोळे लाल, बोटाला चटका. त्यानं स्वतःच्या हातानं पान वाढलं. तूप घातलं. मग पुन्हा वाकून भाताची मूद नीट केली. तुळशीपत्र ठेवलं, पाणी फिरवलं.

“ओढ पडदा,” बुवा म्हणाले. “हे झालं की जा आणि दाब तुझं बटण. मी अडवणार नाही.”

शार्दूलनं पडदा ओढला. घंटा वाजवली. पाठ करून उभा राहिला.

आत त्यानं रांधलेलं वरण होतं. मीठ बरोबर पडलं असेल का? भात करपट लागत असेल का? मघाशी बुवांचं ताट होतं तेव्हा नुसती खोडी होती. आता जीव वरखाली होत होता. देव काही खात नाही, हे त्यानं घटकेपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही वाटत होतं, पाहावं. एकदाच. नुसतं पाहावं.

हात मागे गेला. बोटांना कापड लागलं.

बुवा समोरच बसले होते. त्या हाताकडेच पाहत होते. त्यांनी अडवलं असतं, तर शार्दूलनं हिसडा मारून पडदा फाडलाही असता.

बोटं कापडावर तशीच राहिली…

मग त्यानं हात ओढून घेतला आणि काखेत दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते धुराचं नव्हतं. राग अजून गेला नव्हता. तो फक्त कोणावर काढायचा ते कळेनासं झालं होतं.

“बुवा…”

“हं.”

“त्याला काय लाज वाटणार आहे? कोणी पाहिलं म्हणून देवाचं काय बिघडतं? मग हा पडदा हवा कशाला?”

“देवाला नकोच असतो रे,” बुवा म्हणाले. “वाढणाऱ्याला लागतो.”