तोंड नसलेलं पाखरू

फार पूर्वी, मांजरं अजून जन्माला यायची होती, तेव्हा उंदरांना संशय घ्यायला दुसरं कुणीतरी शोधावं लागे.

ठकू उंदरीण बाळंतपणासाठी पेटीतल्या घोंगडीत राहायला आली. पण घोंगडीला रोज नवं भोक पडायचं. पिल्लं निजणार कशात? वर पतंगासारखं एक इवलंसं पाखरू बसलेलं.

"तूच खातेस ना गं घोंगडी, भवाने?"

"कशानं खाऊ, मावशी? मला तोंडच नाही. बघा की!"

ठकूनं मिशा लावून तपासलं. खरंच नव्हतं. ती ओशाळली.

"चुकलं बाई. मी चोर शोधून येते. तोवर घोंगडी राखशील?"

"निर्धास्त जा, मावशी. माझी पोरं सदा घोंगडीतच असतात. त्यांना तोंडं आहेत."

ठकूला हायसं वाटलं. चोराला चावायला तोंडं हवीतच.