बाहेर निघालेला श्वास

‘...मग आता चुकेल कुठं, सर? तुम्हीच सांगा.’

डॉक्टर सारंग बोरकुटे पलंगाशी खुर्ची ओढून बसला होता. पलंगावर त्याचे गुरू, हिवरगावकर सर. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या छात्या उघडून आतलं दुखणं दुरुस्त केलं. शिकणाऱ्या पोरांचा हात हलका व्हावा म्हणून ते ओल्या पापडावर टाके घालायला लावत. आता त्यांचीच श्वासनळी मागच्या बाजूने सैल पडली होती. श्वास आत जाई सुखाने. बाहेर निघताना मात्र नळी मिटायची.

शस्त्रक्रिया सारंगच करणार होता, यंत्राच्या हातांनी. नळीच्या पाठीला जाळी शिवायची आणि तिथला सैल पडलेला पातळ पडदा धरून ठेवायचा.

‘तुझं यंत्र... पापड भाजतं का?’

सारंग हसला. ‘भाजत नाही, सर. पण फाडतही नाही. त्याचा हात जरासुद्धा थरथरत नाही.’

‘दोरा ओढताना... बोटांना काय लागतं?’

‘काहीच नाही. त्यातून स्पर्श येत नाही. डोळ्यांनी बघायचं. पडदा दिसतो, तेवढं पुरे.’

सरांनी सारंगचा हात धरला आणि तळवा आपल्या तोंडासमोर आणला.

श्वास सोडला.

तळव्याला ऊब लागली... आणि मध्येच तुटली. सरांची छाती ढकलत होती, मानेच्या शिरा टरारल्या, डोळ्यांत पाणी आलं. तळव्यावर काहीच येईना. आत नुसती शिट्टी वाजत राहिली.

सारंग हात मागे घेऊ लागला. सरांनी सोडला नाही.

‘पडदा... तेवढाच?’



दुसऱ्या दिवशी सकाळी तो यंत्रापुढे बसला. सर भूल देऊन निजवलेले. त्याने भिंगांना डोळे लावले आणि उजेडात तो पडदा दिसला. दुधावरच्या सायीसारखा. हृदयाच्या ठोक्यासरशी हलत होता.

एवढंसं ते! एवढ्याशावर सर इतकी वर्षं रागावले, हसले, शिकवत राहिले...

‘डॉक्टर, सुरू करायचं ना?’ सिस्टरने विचारलं.

सारंगने आधी हात जोडले. मग पहिला टाका घातला. दोरा त्याने इतका हळू ओढला की सिस्टरला वाटलं, यंत्रच अडलं.

पुढे सर उशीला टेकून बसू लागले, तेव्हा सारंग पायाशी येऊन उभा राहिला.

‘सर, त्या दिवशी मला कळलं की...’

सरांनी बोट वर केलं. डोळे मिटले. श्वास घेतला आणि सोडला. तो निघाला, जात राहिला, कुठंही न अडता पार शेवटपर्यंत गेला.



‘सर, शिट्टी गेली! आवाजच येत नाही हो!’

‘श्श...’ सर म्हणाले. ‘ऐकू दे.’