माठाशेजारची जागा

वाळवंटातल्या एका घरावर पहिल्यांदाच सोलर पॅनेल बसलं, तेव्हाची ही गोष्ट. वीज साठवायला दोन बॅटऱ्या आल्या. घरधनीण केसरबाई म्हणाली, "पारखून एकच ठेवीन. आजारी सासूबाईंचा पंखा रात्रभर फिरला पाहिजे."

थोरली बॅटरी म्हणाली, "मला अंगणात ठेवा. सूर्याची वीज पिणारी मी, उन्हाला काय भिऊ?"

धाकटी म्हणाली, "मला माठाशेजारी सावलीत जागा द्या."

केसरबाईनं दोघींचं ऐकलं.

तिन्हीसांजेला थोरली उन्हानं फुगून बंद पडली होती. धाकटीनं पहाटेपर्यंत पंखा फिरवला.

सकाळी दुकानात परत पाठवायला उंटावर चढवताना थोरली कुरकुरली, "सूर्यानंच दगा दिला!"

माठ म्हणाला, "सूर्य रोजच्याइतकाच तापला, बाई. इथं आम्ही पाणीसुद्धा सावली बघून ठेवतो."