सगुणेच्या पदरातली काडी

एकदा एका शिष्याला स्वतःच्या बायकोची भीती वाटू लागली. हसू नका. त्याची झोप उडाली होती, घास घशाखाली उतरत नव्हता, आणि हे सगळं त्याच्या गुरूंनी जाणूनबुजून घडवून आणलं होतं.

हे गुरू त्या नगरीचा न्यायनिवाडा करीत. वयोवृद्ध, मितभाषी गृहस्थ. त्यांच्यानंतर त्यांच्या आसनावर हा शिष्यच बसणार, हे ठरल्यासारखं होतं. नगरीचा रिवाज असा की, लग्नात नवऱ्याच्या हाती एक वाळकी काडी देत. ती तो घराच्या तुळईत खोचून ठेवी. संसार नकोसा झाला की चारचौघांत ती मोडायची, झाली काडीमोड! कारण सांगायचं नाही आणि लेकरं त्याच्याकडे. बायकोला सुटायचं असेल तर मात्र साक्षीदार आणा, माहेरची संमती आणा, पंचांपुढे घरातलं सगळं उघडं करा. आणि एवढं करून लेकरं मागे ठेवून जा.

एके दिवशी नगरीतल्या काही स्त्रिया गुरूंकडे आल्या. "त्यांना जो नियम, तोच आम्हाला लावा," एवढंच त्यांचं मागणं होतं. निर्णय पौर्णिमेला सांगतो, असं म्हणून गुरूंनी त्यांना निरोप दिला. त्या गेल्या मात्र, शिष्य उसळलाच.

"गुरुजी, बायकांना हा अधिकार दिलात तर एक घर शिल्लक राहायचं नाही!"

"पुरुषांना आहे, तरी राहिली की घरं."

"पुरुष विचार करतो हो. आता माझंच बघा. सगुणा कधी उलट बोलली, आमटी खारट झाली, तर मी नुसता तुळईकडे हात नेतो. लगेच गप्प बसते. पण मोडलीय का कधी? उगाच आपली गंमत."

गुरू म्हणाले, "आज तुझ्याकडे जेवायला येतो."

जेवणं झाली. गुरूंनी हात धुतले, उठले, तुळईतली काडी स्वतः उपसली आणि सगुणेच्या तळहातावर ठेवली. "मुली, पौर्णिमेपर्यंत ही तुझी. वाटलं तर मोड. कारण कुणी विचारणार नाही. तुमची लेक यमू तुझ्याकडे राहील. याच्या काडीला जो मान होता, तोच तुझ्या काडीला देईन. माझा शब्द आहे."

शिष्य मोठ्याने हसला. सगुणा हसली नाही. तिने काडी पदराच्या गाठीत बांधली आणि ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी आमटीत मीठच नव्हतं. त्याने ओरडायला तोंड उघडलं, तोच नजर त्या गाठीवर गेली. "छान झालीय," म्हणाला आणि निमूट जेवला. दुपारी अंगणात बसला असताना आतून कट्‌ असा आवाज आला. हा धडपडत आत. "काय मोडलंस?"

"सरपण," चुलीपुढची सगुणा म्हणाली. याला दरदरून घाम फुटला होता.

मग ती यमूला घेऊन भावाकडे गेली आणि यायला उशीर झाला. यमू त्याची एकुलती एक, त्याच्या खांद्यावर बसल्याशिवाय देवळात न जाणारी पोर. ती नसलेलं घर डोळ्यांपुढे आलं आणि तो भर रस्त्यात अनवाणी जाऊन उभा राहिला. दोघी आल्या तेव्हा त्याने विचारलं, "अगं, तुझ्या मनात आहे तरी काय?"

"काही नाही."

त्या 'काही नाही'ने तर तो पुरता खचला. पाहुण्यांदेखत तिला बोललो होतो, ते तिच्या लक्षात असेल? ती तापाने फणफणलेली असताना तुळईकडे हात नेला होता, ते? एकेक आठवू लागलं आणि जीव कासावीस झाला. तिला तर कारणही लागणार नव्हतं!

पौर्णिमेची वाट न बघता त्याने गुरूंचे पाय धरले. "ती काडी काढून घ्या, गुरुजी."

"का? तिने धमकावलं?"

"नाही हो."

"गाठीकडे हात नेला?"

"एकदाही नाही."

"मग भितोस कशाला?"

"मोडली तर? माझी यमू जाईल! आणि 'बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे?' असं मला कुणी विचारणारसुद्धा नाही!" बोलता बोलता त्याला रडू फुटलं.

गुरू शांतपणे म्हणाले, "तिने हातही नेला नाही, तरी तुझी ही दशा. तू वर्षानुवर्षं हात नेत होतास. त्याला तू गंमत म्हणालास."

शिष्याची मान खाली गेली. "मग ती काडी तिच्याकडेच राहू द्या. मला तेच योग्य आहे."

"छे. एकाचं भय उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकलं, तर तो न्याय कसला? संसार मोडायची वाट असावी. पण ज्याला मोडायचा आहे त्याने इथे यावं. नवरा असो वा बायको, कारण सांगावं, दोघांचं ऐकलं जावं, आणि लेकरू कुठे सुखात राहील ते दोघांना विचारून ठरावं."

पौर्णिमेला गुरूंनी तोच निर्णय जाहीर केला आणि काडीचा रिवाज बंद केला. पुरुषांनी कुरकुर करत घरोघरच्या काड्या आणून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायासनापुढे सगळ्यांत आधी आली ती सगुणा, यमूचं बोट धरून. शिष्य गुरूंजवळ उभा होता. "आज तू तिकडे," असं म्हणून गुरूंनी त्याला समोर, तिच्या शेजारी उभं केलं. "बोल, मुली."

"मी सोडायचं म्हटलं, तर माझं ऐकून घ्याल?"

"घेईन."

"आणि ह्यांनी म्हटलं, तरी माझं ऐकाल?"

"तितकंच."

"यमूचं?"

"दोघांना विचारीन."

सगुणेने मोठा श्वास सोडला. "मग आज माझं काही मागणं नाही. एवढं ह्यांच्यादेखत ऐकायचं होतं."

ती यमूला घेऊन घराकडे निघाली. शिष्य जागीच उभा होता. ती आपल्या घरात का राहते, हे त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत ते विचारायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. त्याने गुरूंना नमस्कार केला आणि तिला विचारायला तो तिच्या मागोमाग निघाला.