तापलेलं इंजिन

सातपुड्यातल्या चार पाड्यांचे आजारी घाटाखाली आणणारी एकच गाडी होती, सायकीबाई पावराची जुनी फोर बाय फोर पिकअप. तिचं इंजिन कायमचं बसलं. शेजारच्या सुनेचे दिवस भरत आले होते, त्यामुळे सायकीबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसरं इंजिन शोधत ती तालुक्याला उत्तमशेठच्या गोदामात आली.

शेठने एका इंजिनाकडे बोट दाखवलं. "हे ने. स्टार्टर मारला की लगेच सुरू होतं. तीस वर्षं इंजिनं विकतोय मी, तुला त्यातलं काय कळणार?"

सायकीबाईने इंजिनाला हात लावला. ते चांगलंच तापलेलं होतं. तिच्या येण्याआधीच कुणीतरी ते चालवून ठेवलं होतं.

"शेठ, जाग्या माणसाला उठवण्यात काय विशेष? याला जरा झोपू द्या, मग हाक मारू," म्हणत ती पायरीवर बसली. शेठ मात्र सारखा आतबाहेर करत राहिला.

दोन तासांनी गार झालेलं इंजिन नुसतं घरघरलं आणि गप्प झालं.

शेठने कोपऱ्यातल्या दुसऱ्या इंजिनावरची ताडपत्री काढली. "याला हात लावून बघा, बाई," तो म्हणाला. "हे गारच आहे."

ते पहिल्याच झटक्याला सुरू झालं.