अस्वलाचा एकच कोट

प्राणी कपडे घालत होते, त्या काळातली ही गोष्ट. अस्वल आणि ससीण पाय रुतू नयेत म्हणून तळव्यांना वेताच्या जाळ्या बांधून बर्फातून खिंडीपलीकडच्या गावी लग्नाला निघाली. अस्वलाने उघड्या अंगावर एकच जाडजूड कोट चढवला होता. ससिणीने पातळ बंडी, तिच्यावर स्वेटर आणि वर वारा अडवणारं जाकीट घातलं होतं.

चढ लागताच ससिणीने स्वेटर काढून पिशवीत ठेवला.

"ससूताई, एवढ्या थंडीत कपडे काय काढतेस?" अस्वल हसलं.

"घाम यायच्या आत काढलेला बरा. तूही बटणं सोड, भाऊ."

"सोडली तर पोट दिसेल," म्हणत अस्वल घामाने निथळत चढत राहिलं.

खिंडीत बोचरा वारा सुटला. ससिणीने स्वेटर पुन्हा घातला. ओल्या कोटात अस्वलाचे दात वाजू लागले. ससिणीने त्याला आपला स्वेटर देऊ केला, पण तो जेमतेम त्याच्या एका कानावर बसला.

"आता थांबू नकोस, गोठशील. पळ," ती म्हणाली.

अस्वल असं पळालं की नवरदेवाच्या आधी मांडवात पोचलं. जेवणावळ मांडलेली होती, पण ते थेट चुलीपाशी गेलं आणि तिथे रांधत बसलेल्या अस्वलिणीला हळूच म्हणालं, "वहिनी, माझ्या मापाची बंडी मिळेल का?"